बेननंतर खलनायक जन्मलेच नाहीत?

गेले काही आठवडे व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. लिहिणाऱ्याचे नाव त्यावर नाही, मात्र आविर्भाव निकालपत्राचा आहे. त्यातले म्हणणे थोडक्यात असे. बॅटमॅनचा कणा मोडणारा बेन १९९३ साली आला आणि त्यानंतर लक्षात राहावा असा एकही खलनायक अमेरिकी कॉमिक्सना निर्माण करता आलेला नाही. पुढे आलेले सगळे जुन्यांच्या नकला आहेत. त्यांना दुःखी पूर्वायुष्य चिकटवून लेखकांनी त्यांची दहशत घालवली आहे. सामान्य माणसाला त्यांची नावेही ठाऊक नाहीत. ते केवळ अंकाचा भाव वाढवण्यासाठी जन्माला घातले जातात. म्हणून नव्या चित्रकारांनी नवे खलनायक रचण्याच्या भानगडीत पडू नये आणि बॅटमॅनचा जोकर, एक्स-मेनचा मॅग्नीटो, मार्व्हलचा थॅनॉस यांच्यावरच हात बसवावा.

असले मजकूर मी एरवी वाचून सोडून देतो. हा सोडता आला नाही, कारण तो माझ्या भाच्याने मनावर घेतला. तो चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दिवाळीपासून स्वतःचे एक कॉमिक काढतो आहे. त्यातला खलनायक जुन्या वाड्यांच्या पुनर्विकासाचे करारनामे घेऊन दारोदार फिरतो, आणि त्यावर जो सही करतो तो स्वतःच्या घराचा रस्ता विसरतो. सात पाने शाईत झाली होती. परवा गेलो तेव्हा ती पाने फोल्डरमध्ये गेलेली होती आणि चिरंजीव जोकरचा जबडा गिरवत बसले होते. "मामा, सगळं आधीच होऊन गेलंय," एवढेच तो म्हणाला.

आधी नकलेचा मुद्दा घेऊ, कारण बाकीचे त्याच्याच आधाराने उभे आहेत. ज्या जोकरला या मजकुरात मूळपुरुषाचा मान दिला आहे, त्याचा चेहरा १९२८ सालच्या एका मूकपटात कोनराड व्हाइट या नटाने रंगवलेल्या भूमिकेच्या छायाचित्रावरून आला. १९४० साली 'बॅटमॅन'च्या पहिल्याच अंकात त्याला मारून टाकायचे ठरले होते, पण संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी आयत्या वेळी तो वाचल्याची एक चौकट घालायला लावली. थॅनॉसचे तर विचारूच नये. १९७३ साली त्याला घडवणाऱ्या जिम स्टारलिनने स्वतःच सांगून ठेवले आहे की, जॅक कर्बीच्या 'न्यू गॉड्स' या डीसी कंपनीच्या कॉमिकमधल्या मेट्रॉन या पात्रावरून त्याने पहिले रेखाटन केले होते, आणि उचलायचेच असेल तर निदान त्यातला मुख्य खलनायक डार्कसाइड तरी उचल, असे संपादक रॉय थॉमस यांनी त्याला सुचवले. उसनवारी हा गुन्हा मानला, तर या मजकुराच्या देव्हाऱ्यात एकही मूर्ती शिल्लक राहणार नाही. निव्वळ नक्कल पाहायची असेल तर २००४ सालच्या 'स्पायडरमॅन इंडिया'त पाहावी. तिथे मुंबईच्या पवित्र प्रभाकरसमोर, म्हणजे भारतीय स्पायडरमॅनसमोर, नलिन ओबेरॉय नावाचा राक्षस उभा केला होता. तो वेष बदललेला, स्पायडरमॅनचा जुना वैरी ग्रीन गॉब्लिनच होता आणि त्याने तसे लपवलेही नव्हते.

१९९३ ही लक्ष्मणरेषा कोणी आखली, ते कळत नाही. एक्स-मेनच्या कथांतली खलनायिका कसँड्रा नोव्हा २००१ सालची आहे. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांनी तिला आणले आणि आल्या आल्या तिने जेनोशा बेटावरच्या १ कोटी ६० लाख म्युटंटांचा, म्हणजे जन्मजात अचाट शक्ती असलेल्या माणसांचा, संहार घडवला. २००७ साली आलेला मिस्टर निगेटिव्ह दिवसा मार्टिन ली या नावाने बेघरांसाठी अन्नछत्र आणि आसरा चालवतो आणि रात्री गुन्हेगारांची टोळी चालवतो. स्पायडरमॅनची मे काकू तिथेच स्वयंसेविका म्हणून राबते. ज्या माणसाला गजाआड टाकले की शेकडो लोकांचे रात्रीचे जेवण बंद होते, त्याच्याशी लढायचे कसे, हा पेच माझ्या मते अजून पुरता वापरला गेलेला नाही.

आता सर्वांत घातक मुद्दा, पूर्वायुष्याचा. खलनायकाला कारण दिले की तो मवाळ होतो, असे हा मजकूर सांगतो आणि लगेच आदर्श म्हणून मॅग्नीटोचे नाव घेतो. मॅग्नीटो १९६३ साली आला तेव्हा तो बऱ्यापैकी ठोकळेबाज, गर्जना करणारा दुष्ट होता. त्याच्या बोलण्यात आउशवित्झची नाझी छळछावणी आली ते १९८१ साली, क्रिस क्लेरमाँटने लिहिलेल्या 'एक्स-मेन'च्या दीडशेव्या अंकात, म्हणजे तब्बल १८ वर्षांनी. बॅटमॅनचा वैरी मिस्टर फ्रीझ १९५९ साली 'मिस्टर झीरो' या नावाने आला तेव्हा त्याच्याजवळ एक बर्फाची बंदूक होती आणि बाकी काहीही नव्हते. त्याची आजारी, गोठवून ठेवलेली पत्नी नोरा त्याला १९९२ साली मिळाली, तीही दूरचित्रवाणीवरच्या ॲनिमेशन मालिकेत. कारण मिळाल्यावर हे दोघे लहान झाले की मोठे, ते मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनीच सांगावे.

याच मुद्द्याला पुरून उरणारे एक उदाहरण २०१२ च्या अखेरीस सुरू झालेल्या 'थॉर : गॉड ऑफ थंडर' या मालिकेत आहे. जेसन आरन आणि एसाद रिबिच यांचा गॉर हा ओसाड, उपाशी ग्रहावरचा एक भाविक माणूस आहे. त्याची आई जाते, बायको जाते, मुले जातात, आणि आयुष्यभर ज्यांना आळवले त्यांपैकी एकही देव फिरकत नाही. मग एके दिवशी आपापसांत लढणारे दोन देव आकाशातून त्याच्यासमोर कोसळतात आणि त्यांतला सोनेरी चिलखतवाला चक्क गॉरकडेच मदत मागतो. ज्याने कधी साद दिली नाही, त्याची साद ऐकण्याची वेळ आलेल्या माणसाच्या हातात तेवढ्यात काळी तलवार येते. इथून पुढे तो विश्वातला एकेक देव मारत सुटतो, आणि त्याचे दुःख पुरते समजत असूनही वाचकाला त्याचे भय वाटतच राहते.

गॉर त्या कथेत मरतो, पण त्याचे काम थांबत नाही. २०१४ सालच्या 'ओरिजिनल सिन'मध्ये गुप्तहेर निक फ्युरी थॉरच्या कानात काहीतरी पुटपुटतो आणि थॉरचा, लायक असणाऱ्यालाच उचलता येणारा, हातोडा चंद्रावर गळून पडतो तो त्याला पुन्हा उचलता येत नाही. तो हातोडा थॉरची जुनी प्रेयसी जेन फॉस्टर उचलते, ती थॉर होते, आणि तिची कथा २०१८ पर्यंत चालते. फ्युरी काय पुटपुटला होता, हे वाचकांना २०१७ साली कळले : 'गॉर बरोबर होता', म्हणजे देव पूजेच्या लायकीचे नाहीत, एवढेच. मेलेल्या खलनायकाचा युक्तिवाद नायकाला आतून पटतो आणि त्यातून एक नवी नायिका उभी राहते. चित्रपटात २०२२ साली गॉरला घाईघाईत उरकला, ही तक्रार मान्य आहे, पण तो दोष गॉरचा नव्हे.

आणि मग कोर्ट ऑफ आउल्स. स्कॉट स्नायडर आणि ग्रेग कपुलो यांनी २०११ साली आणलेली ही गॉथममधल्या जुन्या धनिकांची गुप्त सभा. लहानपणी आईवडिलांच्या खुनानंतर ब्रूस वेनने, म्हणजे पुढच्या बॅटमॅनने, तिचा शोध घेतला होता आणि ती अस्तित्वातच नाही असा निष्कर्ष काढला होता, म्हणजे जगातल्या सर्वश्रेष्ठ गुप्तहेराचा पहिलाच तपास चुकला होता. अशुभ म्हणून इमारतींत तेरावा मजला मोजत नाहीत. ही मंडळी नेमकी बारा आणि चौदाच्या मधल्या त्या न मोजलेल्या मजल्यावर पिढ्यान्‌पिढ्या दडून होती, तीही वेन घराण्याच्याच पैशाने उभ्या राहिलेल्या इमारतींत. त्या नव्या 'बॅटमॅन' मालिकेच्या पाचव्या अंकात बॅटमॅन त्यांच्या संगमरवरी चक्रव्यूहात अडकतो आणि त्याची बुद्धी ढळू लागते, तसतशी पानेही फिरू लागतात, आधी आडवी, मग उलटी. वाचकाला अंक हातात गोल फिरवावा लागतो आणि एका क्षणी पाने कोणत्या बाजूने उलटायची हेच उमगत नाही. जोकरने ८० वर्षांत पुष्कळ काही केले आहे, पण वाचकाच्या मनगटावर असा ताबा त्याने मिळवल्याचे मला तरी आठवत नाही.

नावे सामान्यांना ठाऊक नसण्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. थॅनॉससुद्धा १९७३ पासून २०१२ पर्यंत कॉमिक्सच्या दुकानाबाहेर कोणाला फारसा ठाऊक नव्हता.

अंकाच्या भावाबद्दल जे म्हटले आहे, त्यात मात्र थोडे तथ्य आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावे लागते. जोकरची नवी साथीदार पंचलाइन २०२० साली आली तेव्हा तिच्या स्वभावापेक्षा तिच्या पहिल्या अंकाच्या किमतीचीच चर्चा अधिक झाली. २०१७ चा 'बॅटमॅन हू लाफ्स', म्हणजे जोकरसारखा झालेला बॅटमॅन, ही कल्पना पहिल्या दर्शनी भयंकर होती, परंतु तिला इतके राबवले की तिच्यात पिळायला काही उरले नाही. चांगले नवे खलनायक पूर्वीपेक्षा कमी येतात, हेही कदाचित खरे असेल. मात्र त्याचे कारण कल्पनांचा दुष्काळ हे नव्हे. मोठ्या कंपन्यांसाठी रचलेले पात्र कंपनीच्या मालकीचे होते. १९९२ साली स्पायडरमॅनच्या व्हेनम या खलनायकाचा एक जनक टॉड मॅकफार्लन आणि जिम ली यांच्यासह सात चित्रकारांनी मार्व्हल सोडून इमेज कॉमिक्स काढले ते याच दुखण्यापायी. तेव्हापासून शहाणा लेखक आपली उत्तम कल्पना स्वतःच्या मालकीच्या पुस्तकासाठी राखून ठेवत असेल, तर त्याला दोष कसा द्यायचा?

नेमक्या याच गोष्टीमुळे मजकुरातला शेवटचा उपदेश मला सर्वांत जास्त खटकतो. जोकर डीसीच्या मालकीचा आहे. भाच्याने त्याच्यावर कितीही हात बसवला, तरी ते चित्र त्याला परवानगीवाचून स्वतःचे म्हणून छापता येणार नाही. करारनामेवाला त्याचा स्वतःचा आहे. मी त्याला 'बॅटमॅन'चा तो पाचवा अंक देऊन आलो आहे आणि फोल्डर टेबलावर काढून ठेवला आहे. सातव्या पानावर सही करणाऱ्या आजोबांचा अंगठा अजून पेन्सिलीतच आहे.