आजीचे दात, आत्याचा गाल

परवा साताऱ्याहून दादाचा फोन आला. गावच्या शाळेत तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम झाला, त्यात मशेरीला नावं ठेवली म्हणून तो चिडला होता. "अगं, मशेरीनं हिरड्या घट्ट राहतात, पोट साफ होतं. आजीचे ब्याऐंशीव्या वर्षी दात शाबूत होते. सरकारला काय कळतंय? तुमच्या अमेरिकेत नाही कुणी असं नाक खुपसत!"

खुपसतात, दादा. हेच पोटाचं कारण इथे एका कंपनीनं छापून विकलं. जेवताना कॅमल सिगारेट ओढा, पचन सुधारतं, अशा जाहिराती १९३० च्या दशकात यायच्या. फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं १९५० मध्ये ते दावे बंद करायला लावले. मग 'लाइट' सिगारेट आली. लाइट म्हणजे धोका कमी, असं लोक समजत राहिले, आणि तो शब्द पाकिटावरून जायला २०१० उजाडलं. त्याआधी, २००६ मध्ये, न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी सिगारेट कंपन्यांनी अनेक दशकं लोकांना फसवल्याचा निकाल दिला आणि खरं काय ते स्वखर्चानं छापायला सांगितलं. त्या मजकुराच्या कज्ज्यात आणखी अकरा वर्षं गेली. थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी मी कूपनं कापायला पेपर उघडला, तर त्यात ते होतं: धूम्रपानानं रोज सरासरी १,२०० अमेरिकन मरतात. त्या दिवशी मला या देशाचा अभिमान वाटला.

आपल्याकडे टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ मध्येच बंदी आली, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. पण २०१५ मध्ये आर. आर. आबा तोंडाच्या कर्करोगानं जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा पाकिटांवरच्या इशाऱ्यांचा विचार करणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष, नगरचे खासदार दिलीप गांधी म्हणाले की तंबाखूनं कर्करोग होतो असा भारतीय अभ्यासच नाही. ते इथे बसून वाचताना मला रडू आलं होतं.

मशेरीला तर कंपनीही नाही. पानं आपल्याच तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुस्करून डबीत भरायची. कोर्टात कुणाला उभं करणार? खोटं होतं, हे घरातल्यांनीच सांगायला हवं.

दादा, आजीचे दात तुझ्या लक्षात राहिले, आत्याचा गाल राहिला नाही. तिला मुंबईला घेऊन तूच जायचास. मी इथून पैसे पाठवायचे. म्हणून हे सगळं तुला ऐकवताना माझा आवाज चढतो आणि मग बसतो.

माझ्या बोटावर पहिली चिमूट आजीनंच ठेवली होती. त्या भाजण्याचा ठसका अजून कधी कधी इथल्या बेसमेंटमध्ये कपडे ड्रायरमध्ये टाकताना आठवतो, आणि मला घर हवं असतं, तेच घर, त्या वासासकट.

मागच्या डिसेंबरात वहिनीची डबी कोनाड्यात दिसली. ती रोज पहाटे लावते. तीन आठवड्यांसाठी आलेल्या नणंदेनं काय बोलायचं, असं वाटलं. मी डबी पुन्हा जागेवर ठेवली.