‘ध्यान करा, गोळ्या फेका’ म्हणे!

सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक निरोप फिरतोय. रोज वीस मिनिटं ध्यान करा, बीपीच्या गोळ्या सोडा. हार्वर्डनं हे सिद्ध केलंय. आठ आठवड्यांत मेंदूच बदलतो. आजार मुळात मनात असतो, मन शांत झालं की कॅन्सरची गाठही विरघळते. आणि साइड इफेक्ट शून्य. ध्यानाचा उपयोग होतो हे मला मान्य आहे, म्हणून तर हा निरोप जास्त खटकतो.

आधी हार्वर्ड. तिथले हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी 1970च्या दशकात ध्यान करणाऱ्यांना तपासलं. ध्यानात श्वास मंदावतो, शरीराला प्राणवायू कमी लागतो, हे दिसलं. पण औषधं, शस्त्रक्रिया आणि स्वतः घ्यायची काळजी अशी तीन पायांची तिपाई हवी, असं बेन्सनच सांगत. निरोप लिहिणाऱ्यानं त्यातले दोन पाय परस्पर कापले.

अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2017 मध्ये ध्यानाला नेहमीच्या उपचारांना जोड म्हणूनच जागा दिली. वाढलेलं बीपी बहुधा जाणवतच नाही. त्यामुळे ‘आता बरं वाटतंय’ याला अर्थ नाही, पट्टा बांधून मोजावंच लागतं. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर बीपी उसळतं, ते वेगळंच.

मेंदूचं म्हणाल, तर आठ आठवड्यांत मेंदू बदलतो असं सांगणाऱ्या 2011च्या गाजलेल्या अभ्यासात ध्यान शिकलेले होते 16 जण. 2022 मध्ये दोनशेहून अधिक लोकांवर तपासलं, तेव्हा मेंदूच्या रचनेत तसा बदल सापडला नाही.

गाठ विरघळते, याला पुरावा नाही. पण यातला खरा दुष्टपणा निराळा आहे. केमो चालू असलेल्या बाईला ‘मन शांत ठेवलंस तरच बरी होशील’ म्हणायचं, म्हणजे उद्या आजार वाढला तर खापर तिच्याच माथी! ध्यान तिला उपयोगी पडेल, पण कशासाठी? रिपोर्टची वाट बघताना होणारी घालमेल कमी व्हायला. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जुनाट दुखण्याच्या रुग्णांना ध्यान शिकवायला घेतलं, तेही दुखणं नाहीसं करतो असं सांगून नव्हे. दुखण्याभोवतीची भीती आणि चिडचीड सैल व्हावी म्हणून. 2014 मध्ये ध्यानावरच्या 47 वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र तपासले गेले. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत लहान ते मध्यम फायदा दिसला; औषधं किंवा व्यायामापेक्षा सरस मात्र काही नाही. एवढा फायदाही थोडा नव्हे, पण तो फॉरवर्ड कोण करणार?

राहिला ‘साइड इफेक्ट शून्य’. काहींना डोळे मिटून बसल्यावर धास्ती वाढते, जुने आघात वर येतात. इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा अर्ज भरताना मानसिक आजाराची माहिती विचारतात ती उगाच नाही. ही साधना वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही, असं शिबिराच्या नियमावलीतच छापलंय. ही शिबिरं सुरू करणारे दिवंगत आचार्य गोएंका 1955 मध्ये बर्मात मायग्रेनला कंटाळून विपश्यना शिकवणारे ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते. फक्त डोकेदुखीसाठी येणार असाल तर नको, असं म्हणून गुरूंनी त्यांना आधी नकार दिला होता.