दीड महिन्यात पॉलिश गेलं, या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही आम्हाला एक तारा दिलात. लिहिलंत, की एप्रिलमध्ये लादी पॉलिश करून घेतली आणि दीड महिन्यात चमक गेली. देवघरासमोर आणि जेवणाच्या टेबलाखाली पांढरे डाग उठले, बाथरूमची जाळी तुंबली, स्वयंपाकघरातली कोटा दगडाची लादी हॉलसारखी चमकलीच नाही, सासूबाई दोनदा घसरता घसरता वाचल्या. फोन केलात तर आमच्या माणसाने "मार्बल असाच असतो" म्हणून फोन ठेवला. शेवटी "स्वस्तातली पावडर मारून फसवलं" असंही म्हटलंत.

फोनवरचं ते उत्तर चुकीचं होतं, त्याबद्दल आधी माफी मागतो. बाकीच्यावर लादी स्वतः पाहिल्याशिवाय लिहायचं नव्हतं, म्हणून उशीर झाला.

परवा तुमच्याकडे हॉलचे दिवे बंद करून मी टॉर्च लादीला टेकवून आडवा उजेड पाडला, तेव्हा तुम्ही शेजारीच होतात. त्या उजेडात पांढऱ्या डागांच्या कडा स्वच्छ दिसल्या. देवघरासमोर ताम्हणाच्या बुडाएवढं एक वर्तुळ, त्याला लागून निरांजनाएवढं छोटं, आणि टेबलाखाली नुसते थेंब. बोट फिरवलं तर तेवढ्याच जागी लादी खरखरीत लागते. ताई, हे वरून पडलेले डाग नाहीत. तिथला दगड खाल्ला गेला आहे.

तुमच्या हॉलमध्ये मकराना संगमरवर आहे, ताजमहाल ज्या खाणींच्या दगडाचा आहे तोच. हा संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याला आंबट सोसत नाही. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळलं की फसफसतं, साधारण तीच क्रिया लादीवर होते, फक्त इतकी हळू की डोळ्यांना दिसत नाही. चिंच, लिंबू, कोकम, व्हिनेगर, ताक, यातलं काहीही थोडा वेळ साचून राहिलं तरी वरचा गुळगुळीतपणा जातो. अक्षय तृतीयेला देवाची पितळी भांडी चिंचेने घासून तिथेच निथळत ठेवली होती, हे बोलता बोलता तुम्हीच सांगितलंत. टेबलाखाली सोलकढी किंवा सरबत सांडलं असणार. समईखालचा डाग मात्र वेगळा आहे. तो काळपट आहे, म्हणजे तेल आत मुरलंय. त्यावर खाण्याचा सोडा पाण्यात घट्ट कालवून थापा, वर प्लॅस्टिक झाका, रात्रभर ठेवा. दोन-तीनदा करावं लागेल, पण निघेल.

आता 'स्वस्तातल्या पावडर'बद्दल. हा शब्द मला फार लागला, कारण मी हे काम वडिलांकडून शिकलो आणि ते हाताने घिसाई करायचे. संगमरवराची चमक वरून फासत नाहीत. पॅड म्हणजे मशीनला लावायची घासायची चकती, नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. ५० नंबरच्या पॅडपासून सुरुवात करून पाणी टाकत टाकत ३००० नंबरपर्यंत जायचं, प्रत्येक पॅडने आधीच्या पॅडचे ओरखडे काढायचे. शेवटी दगडाचा पृष्ठभाग इतका सपाट होतो की पडलेला उजेड विखरत नाही, सरळ परत येतो. चमक म्हणतात ती एवढीच, आणि ती दगडाची स्वतःची असते. वरून मेण चोपडून लादी चमकवून देणारेही आहेत. पहिले काही दिवस ती देखणी दिसते, मग धूळ धरते आणि पिवळी पडते. आम्ही ते करत नाही. तुमच्याकडे वरचा थर उतरला असता तर सगळीकडून उतरला असता. सोफा सरकवून पाहिलं, तिथे आणि दोन्ही बेडरूममध्ये अजून आरसा आहे.

म्हणजे दोष तुमचा, असं मात्र मी म्हणणार नाही. मोबाइलवर आम्ही पाठवलेलं कोटेशन तुम्ही मला दाखवलंत. त्यात आमच्याच माणसाने लिहिलंय : "सीलर मारल्यावर डाग पडणार नाहीत, लिंबू सांडलं तरी चालेल." हे वाक्य साफ खोटं आहे. सीलर दगडाच्या छिद्रांत शिरतो, त्यामुळे तेल, चहा, हळद आत मुरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पुसून घेता येतं. आंबटाचं काम वरच्या वर चालतं, ते सीलर थांबवू शकत नाही. त्यातून मकराना मुळातच घट्ट दगड, त्याला सीलरची गरजही कमी. तुम्ही त्या वाक्यावर विश्वास ठेवलात आणि निर्धास्त झालात. सीलरचे घेतलेले सगळे पैसे आम्ही परत करतो आहोत. त्या माणसाला मी समोर बसवून समजावलं आहे, आणि ते वाक्य आता कुठल्याही कोटेशनमध्ये जाणार नाही. यापूर्वी ज्यांना ते गेलं असेल त्यांनी कळवावं, त्यांचेही सीलरचे पैसे परत देईन.

खाल्ल्या गेलेल्या जागा हातातल्या छोट्या मशीनने ४०० नंबरपासून वर पुन्हा करून देऊ, पैसे न घेता. अख्खा हॉल घासायची गरज नाही. कोणी तसं सांगितलं तरी करू नका, दरवेळी थोडा दगड कमी होतोच.

जाळी तुंबली ती पूर्णपणे आमची चूक. घिसाईचं पांढरं पाणी म्हणजे दगडाची पूड. ती जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी साचून राहतं त्या वाकड्या भागात, बसली की तळाशी घट्ट थर धरते. ते पाणी ड्रममध्ये रात्रभर ठेवून वरचं निवळ ओतायचं आणि खालचा गाळ गोणीत भरून डेब्रिजबरोबर द्यायचा, असा आमचा नियम आहे. घाईत आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाने तो पाळला नाही. प्लंबरचं बिल पाठवा.

कोट्याबद्दल तुमची अपेक्षा समजते, पण तिथे मी आणखी काही करू शकत नाही. कोटा चुनखडीचा दगड, त्याला छान तुळतुळीतपणा येतो, मकरान्याचा आरसा येत नाही. हे काम घेतानाच सांगायला हवं होतं. आंबट त्यालाही चालत नाही. तुमचा ओटा ग्रॅनाइटचा आहे, तिथे लिंबू खुशाल चिरा.

सासूबाईंचं वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं. घरात वयस्क माणूस आहे का, हे आम्ही विचारलंच नाही. कोरडी लादी तितकी निसरडी नसते. तिच्यावर पाणी असलं किंवा साबणाचा पातळ थर राहिला, की पाय सरकतो. बाथरूमच्या दारापासून त्यांच्या खोलीपर्यंतचा पट्टा आपण मॅट करून टाकू. ४०० नंबरला थांबलं की पायाला पकड मिळते. तिथली चमक जाईल, पण माझ्या आईसाठी मी हेच केलं असतं. याचेही पैसे नाहीत.

खिडकीखाली पिवळट छटा आहे, तिचा उल्लेख तुम्ही केला नव्हता, पण मला दिसली. चौकटीतून पावसाचं पाणी झिरपतंय आणि दगडातलं लोह गंजतंय. गळती बंद होऊन लादी नीट सुकेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत, तिथे पॉलिशवर एक रुपया घालवू नका. आमच्याकडूनही करून घेऊ नका.

आणखी एक. शेजारच्या इमारतीचं पुनर्विकासाचं काम चालू आहे, त्याची रेती चपलांबरोबर घरात येते. दगडाचा कठीणपणा मोजायच्या मोह्सच्या मापाने (१ सगळ्यात मऊ, १० सगळ्यात कठीण) रेती ७, संगमरवर ३. ओल्या फडक्याखाली ती रेती फिरली की लादीवर बारीक रेघा उठतात. म्हणून आधी मऊ केरसुणीने कोरडा केर काढायचा, मगच पुसायचं. दाराबाहेर एक आणि आत एक पायपुसणं ठेवा. पुसायला साधं पाणी पुरे. बाथरूम घासायच्या द्रावणात बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते ज्या बादलीत पडलं असेल ती बादली आणि ते फडकं हॉलमध्ये आणायचं नाही.

हे सगळं आम्ही काम संपताना एका कार्डावर छापून दिलं होतं. ते कार्ड इंग्रजीत होतं आणि तुमच्या मुलीच्या हातात दिलं. लादी रोज पुसतात त्या मावशी, त्यांना आम्ही एका शब्दाने काही सांगितलं नाही. त्यामुळे याचं खापर त्यांच्यावर फोडू नका. नवं कार्ड मराठीत आणि हिंदीत छापायला टाकलं आहे, बाटल्यांची चित्रं काढून.

डागांचं आणि पट्ट्याचं काम मिळून अर्ध्या दिवसाचं आहे. दोन माणसं घेऊन मी स्वतः येईन. फक्त मावशी घरी असतात ती वेळ कळवा, त्यांच्याशी बोलायचं आहे.