"घर आहे ना तुमचं इथं?"

पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात सहा वर्षं काढली आणि वडिलांच्या आजारपणामुळे सांगलीला परत आलो. कुपवाड एमआयडीसीत मुलाखत होती. ड्रॉइंग वाचून दाखवलं, व्हीएमसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचा) प्रोग्रॅम करून दाखवला, फिक्श्चरवर, म्हणजे मशीनवर जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनावर, अर्धा तास बोललो. शेवटी साहेबांनी विचारलं, "घर आहे ना तुमचं इथं?" मी हो म्हणालो, आणि चाकणच्या 42 हजार पगाराचे 23 हजार झाले.

चार वर्षं झाली, तो प्रश्न अजून टोचतो. ते घर वडिलांनी एसटीच्या नोकरीत पीएफ काढून बांधलंय. त्याचं भाडं माझ्या पगारातून कंपनीनं का वजा करावं?

सांगलीत स्वस्ताई आहे म्हणतात. घरभाडं कमी आहे, मान्य. भाजी-दुधातही थोडं वाचतं. पण वडिलांच्या गोळ्यांची एमआरपी तीच, मोबाईलचा रिचार्ज तोच, गाडीचा हप्ताही तेवढाच. केंद्र सरकारच्या पगाराचंच बघा. मूळ पगार आणि महागाई भत्ता पुण्यात आणि सांगलीत सारखाच; फरक फक्त प्रवास भत्त्यात आणि घरभाडे भत्त्यात. घरभाडे भत्ता पुण्याला 30 टक्के, सांगलीला 20. म्हणजे 23 हजार मूळ पगारावर घरभाड्यात 2300 रुपयांचा फरक. इथं माझे 19 हजार गेले!

पुण्यात सगळं सोन्याचं आहे असंही नाही. मोठ्या आयटी कंपन्यांत फ्रेशरचं पॅकेज दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच अडकलंय, आणि त्यातून तिथलं भाडं भरायचं.

आपल्याकडच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांची ओढाताण मी रोज बघतो. माल गेला तरी बिल तीन-तीन महिने निघत नाही. कायद्यात मुदत जास्तीत जास्त 45 दिवसांचीच आहे. त्यांच्यावर माझा राग नाही. राग त्यांच्यावर आहे, जे नवीन शेड बांधतात, नवीन मशीन आणतात आणि पगाराचं काढलं की "सांगलीत एवढाच रेट आहे" म्हणतात.

किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 चा, सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज 1947 चं. इंजिनिअर घडवायला हा जिल्हा कधीच कमी पडला नाही. रविवारी रात्री पुण्याच्या गाड्यांना किती पोरं बॅगा घेऊन उभी असतात, एकदा स्टँडवर जाऊन बघा.

कुपवाड-मिरजेत व्यवस्थित पगार देणारे कुणी असतील, तर जाहिरातीत आकडा छापा. चाकणमधली माझ्या ओळखीची चार पोरं उद्या यायला तयार आहेत. त्यातल्या दोघांना इथं घर नाही.