‘रोज दहा शब्द पाठ करून घ्या’ या मेसेजला उत्तर

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. या आठवड्यात मला तो तिघींकडून आला. म्हणणं असं: तीन वर्षांच्या मुलाकडून कार्डं दाखवून रोज दहा शब्द पाठ करून घ्या, शब्दांचे व्हिडिओ लावा, तीच ती गोष्ट सांगत बसू नका आणि घरात फक्त इंग्रजी बोला, कारण दोन भाषांनी मूल उशिरा बोलतं. आईबाप हे मनाला लावून घेतात, म्हणून लिहिते आहे.

आधी कार्डं. कार्डावर सफरचंद, बस, हत्ती छान दिसतात, पण क्रियापदांचं काय? आमच्या ओट्यावर एका संध्याकाळी मेथी निवडतात, कांदा चिरतात, गाजर किसतात, लसूण ठेचतात, बटाटा कुस्करतात, कणीक मळतात. माझ्या मुलानं आजीला सुपात तांदूळ पाखडताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती गच्चीत गोधडी झटकत होती, तर हा ओरडला, “आजी गोधडी पाखडते!” आजी म्हणाली, “अरे, पाखडायचे तांदूळ. गोधडी झटकायची. धर हे टोक.” त्यानं टोक धरून झटकलं, धूळ नाकात गेली, दोनदा शिंकला. आता दोन्ही शब्द पक्के आहेत. त्याची चूक ऐकायला तिथे आजी होती म्हणून हे झालं. आणि यासाठी वेगळा वेळ लागत नाही, स्वयंपाक करायचाच असतो. मूल नुसतं “भाजी” म्हणालं, तर “हो, मेथीची कोवळी भाजी” असं एकदोन शब्द घालून परत द्यावं. बसस्टॉपवर कोडं घालावं: बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे. दात आणि जीभ हे उत्तर सापडलं की मूल आरशापुढून हलत नाही.

व्हिडिओचं म्हणाल, तर २०१० साली अमेरिकेत १२ ते १८ महिन्यांच्या बाळांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. महिनाभर शब्दांचा व्हिडिओ पाहिलेली बाळं न पाहिलेल्यांपेक्षा जास्त शब्द शिकली नाहीत. सगळ्यात जास्त शिकली ती, ज्यांच्या आईवडिलांनी व्हिडिओ न लावता तेच शब्द रोजच्या बोलण्यात शिकवले.

तीच ती गोष्ट मूल मागतं, तर सांगावी. चौथ्या खेपेला “चल रे भोपळ्या” म्हणून थांबून बघा. “टुणूक टुणूक” तिकडून येतं. पुन्हा पुन्हा ऐकूनच शब्द तोंडी बसतो.

भाषेच्या मुद्द्यावर मात्र मला खरोखर राग येतो. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही. दोन भाषांतल्या मुलाचे शब्द दोन्हीकडे वाटलेले असतात. इंग्रजीतले तेवढे मोजले तर कमीच भरणार, “पाणी” आणि “वॉटर” दोन्ही मोजायला हवेत. दोन वर्षांचं होऊनही मूल “आई ये”, “दूध दे” असे दोन शब्द जोडत नसेल, तर मराठी बंद करून वाट बघू नका. आधी बालरोगतज्ज्ञांना सांगा, कानांची तपासणी करून घ्या, स्पीच थेरपिस्टला दाखवा. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे.