चिनी नाती शिकायला ‘अंकल’ कशाला?

चिनी शब्दांच्या बहुतेक याद्यांत अंकल म्हणजे ‘शूशू’ असं ठोकून दिलेलं असतं. अहो, नात्यात शूशू म्हणजे फक्त वडिलांचा धाकटा भाऊ! थोरला असेल तर ‘पोपो’, मामा असेल तर ‘च्यौच्यौ’. काका, मामा, आत्या, मावशी मराठीत आयते असताना मराठी मुलांना हा इंग्रजीचा वळसा कशासाठी?

कझिनचं तर विचारूच नका. चुलत भावंडांना आधी ‘थांग’ लावायचं. आते, मामे, मावस या तिघांना ‘प्याओ’. आतेभावंडं वडिलांकडची असूनही प्याओत, कारण त्यांचं आडनाव वेगळं. पुढे थोरला-धाकटा भाऊ किंवा थोरली-धाकटी बहीण. झाले आठ शब्द! एवढंही कोणी नीट सांगत नाही.

उच्चारांची तीच गत. रोमन लिपीत लिहिलेल्या चिनी शब्दांतला ‘बी’ म्हणजे आपला प, तरी ‘पोपो’चं ‘बोबो’ घोकून घेतात. शूशूतला दुसरा शू हलका, तोकडा म्हणायचा, तर दोन्ही सारखेच ठासतात.

आईची आई उत्तरेत ‘लाओलाओ’, दक्षिणेत ‘वायफो’. २०१८ साली शांघायच्या दुसरीच्या पुस्तकात वायफोचं लाओलाओ केलं, तर केवढा गदारोळ झाला. मूळ शब्द परत आणावा लागला. आणि आमच्या याद्यांत अजून नुसतं ‘ग्रँडमदर’!