भराव नको, कमानी हव्यात

तुमच्या लेखात पुराने उखडलेल्या रस्त्यांच्या दुरुस्तीचा खर्च मांडलाय, पण रस्ता बंद राहिल्याने काय होतं ते राहून गेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरजवळच्या शिरोलीपाशी पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली. इकडे सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर, म्हणजे धोका पातळीच्या १२ फूट वर. आमच्या वाळवा तालुक्यातलं दूध डेअरीपर्यंत पोचेना. आईने दोन वेळचं दूध गोठ्यामागच्या चरात ओतलं, तेव्हा ती एक शब्द बोलली नाही. महामार्गावर पेठ नाक्यापुढे ट्रकांची रांग लागलेली, गावातली पोरं ड्रायव्हर लोकांना भाकरी-पिठलं नेऊन देत होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच!

पर्यायी रस्ता म्हणाल तर तोही नदीकाठचाच, तो तर आधी बुडतो. माझं म्हणणं एवढंच, की पूरपट्ट्यात मातीचा भराव टाकून रस्ता उंच केला की पाणी अडतं आणि वरच्या बाजूच्या गावांत शिरतं. तिथे खांबांवरचा, कमानींचा पूलच पाहिजे. महामार्गाचं रुंदीकरण करतानाच हे करून घ्या.